सतरंजी घ्यावी की गालिचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या वर्षी आमच्या घराची डागडुजी झाली. जुनी मोझॅकची फरशी गेली आणि तिच्या जागी आरशासारख्या चकचकीत टाइल्स आल्या. घर उजळलं, पण बसायला गेलं की ओकंओकं वाटू लागलं. सून म्हणाली, ‘‘आई, हॉलमध्ये एक छानसा गालिचा टाकूया.’’ सासूबाई पंच्याऐंशीच्या. त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, ‘‘माळ्यावरची सतरंजी काढा की. चांगली धडधाकट आहे.’’ आणि मी, उभा जन्म शाळेत इतिहास शिकवलेली बाई, दोघींच्या मधे उभी! एक काय ते ठरवायचं, म्हणून सुनेबरोबर दुकानात गेले. दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, ‘‘साइज काय?’’

प्रश्न बरोबरच होता. पण घरी येताना मला वाटत राहिलं, की आपल्याकडे अंथरुणाच्या बाबतीत आधी विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता. तो होता, ‘‘बसणार कोण?’’ आज या प्रश्नाविषयी थोडं बोलायचं आहे. मग शेवटी साइजकडेही येऊ.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण आपल्या भाषेनं हा इतिहास फार नीट जपून ठेवलाय. ‘फर्श’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ अंथरणं. त्यापासून आपल्याकडे ‘फरशी’ आली आणि अंथरण्याचं काम करणारा ‘फरास’ही आला. त्या फरासांचं खातं म्हणजे फरासखाना. शिवकालातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांच्या बरोबरीनं फरासखान्याचं नाव आहे. राहुट्या, डेरे, कनाती, जाजमं, गालिचे हा सगळा पसारा सांभाळायचा, मुक्काम पडला की मांडायचा आणि कूच झालं की गुंडाळायचा, हे त्याचं काम. पुण्यात शनिवारवाड्याजवळच्या ज्या पोलीस ठाण्याला आपण आजही ‘फरासखाना’ म्हणतो, त्याच्या नावात पेशव्यांचं हेच खातं शिल्लक राहिलं आहे. तिथं तक्रार नोंदवायला जाणाऱ्या माणसाच्या मनात गालिचा येत नाही, ही गोष्ट निराळी.

‘गालिचा’ हा फारसीतला लघुत्वदर्शक शब्द, म्हणजे लहान ‘काली’. लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी मारून जे दाट लवदार अंथरुण होतं, ते हे. ‘सतरंजी’चं नातं शतरंजशी, म्हणजे बुद्धिबळाशी लावतात, पटासारखे चौकडे आणि पट्टे डोळ्यांसमोर आणले की ते पटतं. ती सुती, बिनलवेची, दोन्ही बाजूंनी सारखी. ‘जाजम’ हा शब्दही त्याच इराणी-तुर्की वाटेनं आला. बेळगाव-धारवाडकडे गेलात तर सतरंजीला ‘जमखाना’ म्हणतात, आणि धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका आजही तो हातमागावर विणतात. घोंगडी, गोधडी, वाकळ, चटई ही मात्र आपली अगदी घरची माणसं.

आता गंमत पाहा. आपल्या बोलण्यात ‘एका जाजमावर येणं’ म्हणजे बरोबरीच्या नात्यानं बसून बोलणं. आणि ‘आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?’ ही राजकीय पक्षातल्या निष्ठावंत कार्यकर्त्याची तक्रार. सभा दुसऱ्याची, खुर्ची तिसऱ्याची आणि सतरंज्या मात्र आमच्या! म्हणजे अंथरुणावर बसणारा आणि अंथरुण घालणारा, हा भेद भाषेनं नेमका टिपला आहे.

या भेदाची दुसरी बाजू अधिक कडू आहे. गावच्या बैठकीत जाजम अंथरलं, की त्यावर कोण बसेल, काठाशी कोण बसेल आणि खाली मातीत कोण बसेल, हे न सांगता ठरलेलं असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या आहेत. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नव्हतं. कोपऱ्यात, स्वतःच्या वेगळ्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून तो लहान मुलगा संध्याकाळी ते गोणपाट घरी घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणी. वर्गात हा उतारा वाचला की मुलं गप्प होत. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, ते रोज ओझं न्यायचं म्हणजे दप्तरासारखंच ना?’’ मला उत्तर सुचलं नव्हतं. अंथरुणाचा इतिहास सांगताना बादशहांच्या आधी हे गोणपाट मांडावं, असं मला वाटतं.

आता बादशहांकडे वळू. गाठी मारलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना गालिचा सायबेरियात सापडला. १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाला अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या एका थडग्यात तो मिळाला. चोरांनी ते थडगं प्राचीन काळीच फोडलं होतं. आत पाणी शिरलं, गोठलं आणि त्या बर्फानं लोकर सुमारे चोवीसशे वर्षं राखली! साधारण सहा फूट बाय साडेसहा फुटांच्या या तुकड्यात बारा लाखांहून अधिक गाठी आहेत. किनारीवर घोडेस्वार आहेत, हरणं आहेत. कारागिरी इतकी सफाईदार, की ही कला त्याही आधी शेकडो वर्षं चालत आलेली असणार. सध्या तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

आपल्याकडे गालिचा रुजला तो मुख्यतः इराणी कारागिरांमुळे. काश्मीरमध्ये ही कला पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन यांनी आणली, अशी परंपरा आहे. अकबराच्या काळी आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर इथं गालिचे विणणारे नांदत होते, हे अबुल फझल यांनी ‘आइन-इ-अकबरी’त नोंदवलं आहे. दख्खनमध्येही वरंगळ, एलुरू, मच्छलीपट्टण ही गालिच्यांची ठिकाणं होती.

काश्मिरी गालिच्याची एक गोष्ट नभोवाणीवर सांगायलाच हवी. तिथं विणकराच्या समोर चित्र नसतं. ‘तालीम’ नावाची एक सांकेतिक लिपी असते. कागदाच्या पट्टीवर खुणा असतात: अमुक रंगाच्या इतक्या गाठी, मग तमुक रंगाच्या इतक्या. एक जण ती मोठ्यानं वाचतो, बाकीचे त्याला साद देत गाठी मारतात. आधी कानानं ऐकलेला गालिचा मग हातांनी उतरतो. आज आपण आकाशवाणी ऐकतो, तसा तो गालिचा विणकर ऐकत आले आहेत!

गालिचा हे वैभव मिरवण्याचं साधनही होतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. तो मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता, असं सांगतात. बसऱ्याचे लाखो बारीक मोती, हिरे, माणकं त्यावर जडवली होती. १८७० मध्ये महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो परदेशी गेला. २००९ मध्ये दोहा इथं त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले. ज्यावर कुणीही कधी बसणार नव्हतं, असं हे अंथरुण!

पण आपल्या घरातल्या सतरंजीशी ज्याचं खरं नातं आहे, तो इतिहास राजवाड्यातला नाही. तो तुरुंगातला आहे.

१८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं. तिथं हिंदुस्थानी गालिचे पाहून विलायतेतल्या लोकांचे डोळे दिपले. मागणी वाढली. त्याच सुमारास इथल्या सरकारपुढे प्रश्न होता, की तुरुंगातल्या हजारो कैद्यांना कामाला कसं लावायचं. दोन्ही गोष्टी जुळल्या. आग्रा, लाहोर, बिकानेर, जयपूर आणि आपलं येरवडा इथल्या तुरुंगांत माग बसले. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. विजापूरच्या असर महालात सतराव्या शतकातले काही अप्रतिम गालिचे जपून ठेवले होते. त्यांच्या नक्षीच्या नकला येरवड्यात कैद्यांनी विणल्या. आज जगातल्या लिलावांत ‘येरवडा जेल’ अशा नोंदीचे गालिचे मानानं विकले जातात. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनात पसरलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणला गेला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवासाठी. त्याचं वजन सुमारे दोन टन. १९९२ मध्ये विंडसरला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले, असं सांगतात. विणणारे किती होते आणि कोण होते, त्यांची नावं मात्र गालिच्यावर नाहीत.

या तुरुंगी गालिच्यांवर टीका करणारा माणूस आपल्याच मातीत जन्मला होता. सर जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, १८३२ चा. पेशानं डॉक्टर. मुंबईच्या राणीच्या बागेतलं वस्तुसंग्रहालय, ज्याला आता आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. १८८० मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या कलाकारागिरीवर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की तुरुंगात फुकट्या श्रमांवर तयार झालेला स्वस्त माल बाहेरच्या पिढीजात विणकराला उठवतो आहे आणि घाईनं केलेल्या नकलांनी नक्षीही बिघडते आहे. त्यात भर पडली रासायनिक रंगांची. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला होता. त्या वाटेनं आलेले सुरुवातीचे स्वस्त, भडक रंग नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांना मागे सारू लागले. ते लवकर उडत आणि धुतले की पसरत. म्हणजे आज आपण ज्याला ‘स्वस्त माल’ म्हणून नाक मुरडतो, त्याची तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे.

मला बर्डवुडसाहेबांचं म्हणणं अर्धंच पटतं. विणकराचं पोट मारलं गेलं, हे खरं. पण तुरुंगातला तो कैदीही विणकर झालाच होता. त्याच्या हातचे काही गालिचे आज संग्राहक जिवापाड जपतात. कला बिघडली, असं सरसकट म्हणता येणार नाही. दाम मात्र कुणालाच नीट मिळाला नाही, ना आतल्याला, ना बाहेरच्याला.

स्वातंत्र्यानंतर हा धंदा उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात एकवटत गेला. निर्यात वाढली, आणि मागावर लहान मुलं बसू लागली. मुलांची बोटं बारीक, म्हणून गाठ बारीक पडते, असं एक सोयीचं असत्य तेव्हा सांगितलं जाई. खरं कारण एवढंच, की मुलाला मजुरी कमी द्यावी लागते आणि ते उलट बोलत नाही. १९८६ च्या बालमजुरी कायद्यानं गालिचे विणण्याच्या कामात चौदा वर्षांखालील मुलांना बंदी केली. त्यात घरच्या मागाची पळवाट राहिली. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं ‘रगमार्क’ नावाची खूण सुरू झाली. मागांची तपासणी करून, मुलांचे हात न लागलेल्या गालिच्यावर ती लावायची. २००९ पासून तिचं नाव ‘गुडवीव्ह’ झालं. सत्यार्थींना २०१४ चं शांततेचं नोबेल मिळालं. २०१६ च्या दुरुस्तीनं कायदा अधिक कडक झाला, तरी शाळेनंतर घरच्या उद्योगात ‘मदत’ करण्याची मुभा त्यात आहेच. तेव्हा दुकानात ‘‘हे कुणी विणलं?’’ असं विचारणं हा आगाऊपणा नाही. दुकानदार गोंधळला, तर तेही एक उत्तरच.

आता थोडं हिशेबाचं. सहा बाय नऊ फुटांचा गालिचा म्हणजे ५४ चौरस फूट. चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या, तर एकूण गाठी होतात ७ लाख ७७ हजार ६००. कसबी विणकर दिवसाला सात हजार गाठी मारतो असं धरलं, तरी एकट्याला १११ दिवस लागतील. म्हणजे साडेतीन महिन्यांहून अधिक. असा ‘हातानं विणलेला’ गालिचा कुणी चार-पाच हजारांत देऊ करत असेल, तर दोनच शक्यता. एक तर तो हातानं गाठी मारलेला नाही, किंवा त्या हातांना काही मिळालेलं नाही.

ओळखायचा कसा? गालिचा उलटा करा. हातगाठीच्या गालिच्यात पाठीवरही नक्षी स्वच्छ दिसते आणि गाठी मोजता येतात. पाठीला कापड चिकटवलेलं असेल, तर तो ‘टफ्टेड’. त्यात लोकर यंत्रानं टोचून डिंकासारख्या लॅटेक्सनं बसवलेली असते. तो वाईट नव्हे, पण त्याला हातगाठीचा भाव देऊ नका. काही वर्षांनी ते लॅटेक्स सुटतं, त्याची पूड पडते. टोकांच्या दशा पाहा. अस्सल गालिच्यात दशा म्हणजे त्याच्या ताण्याचेच उभे धागे असतात. नकलेत त्या मागाहून शिवलेल्या असतात. पांढरा ओला रुमाल हलकेच चोळून पाहा. रुमालाला रंग लागला, तर पहिल्याच धुण्यात तुमची फजिती ठरलेली.

आणि हो, साइज. खोली दहा बाय बारा असेल, तर भिंतीपासून चारी बाजूंनी दीड-दीड फूट फरशी मोकळी सोडा. उरतं सात बाय नऊ. बाजारात त्याच्या जवळचं माप सहा बाय नऊ. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यावेत, नाहीतर तो मधेच तरंगल्यासारखा दिसतो. दुकानात अंदाज करू नका. घरी जुनी वर्तमानपत्रं त्या मापाची पसरून दोन दिवस वावरून बघा. आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की एक कोपरा नेमका स्वयंपाकघराच्या दारात येतो.

आपल्या हवेचाही विचार करा. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने लोकर दमट राहते, वास धरते, कसर लागते. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसतात. भिंत ते भिंत गालिचा ही थंड देशातली सोय आपल्याला सोसत नाही. सुती सतरंजी झटकता येते, उन्हात टाकता येते, घरी धुता येते. देशावरच्या कोरड्या हवेत लोकरीचा गालिचा मजेत टिकतो. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर चकचकीत टाइल्सवर काहीही अंथरताना खाली रबराची जाळी हवीच. दुमडलेल्या कोपऱ्यात पाय अडकून मोडलेलं खुब्याचं हाड कुठल्याही नक्षीपेक्षा महाग पडतं.

हा सगळा विचार करून आम्ही काय केलं? माळ्यावरची सतरंजी काढली. निळी-पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची. तिच्या काठात आजेसासऱ्यांच्या नावाची आद्याक्षरं विणलेली आहेत. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लग्नाकार्याला आळीत सगळ्यांकडे जायची ना, म्हणून नाव घातलेलं. परत यायला हवी!’’ येरवड्याच्या तुरुंगात विणलेली आहे, असंही त्या म्हणतात. तसा पुरावा माझ्याकडे नाही. एका बाजूला ती विरली होती. सुनेनं ती हॉलच्या भिंतीशी, दिवाणासमोर घातली, आणि मधल्या जागेसाठी नवी, सहा बाय नऊची, हातमागावरची सुती सतरंजी घेतली. खाली जाळी घातली. दोघींचं समाधान झालं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुमनताई नेहमी चहाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायच्या. त्या दिवशी मी म्हटलं, ‘‘इकडे या, सतरंजीवर बसा. नवी आहे.’’ त्या आल्या. अगदी काठावर बसल्या, पाय बाहेर फरशीवर ठेवून. मी म्हटलं, ‘‘अहो, नीट बसा की.’’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नको ताई, पाय ओले आहेत. उद्या मलाच धुवायची आहे.’’

मला पुन्हा उत्तर सुचलं नाही. मीच माझा कप घेतला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आता रोज तिथंच बसतो. परवा त्यांनी पाय आत घेतले होते.